मधली मोकळी ओळ

दुबईत अल नहदाच्या बसथांब्यावर कामाच्या कपड्यांतले दोघे माझ्या पुढे रांगेत होते. धाकटा मोबाइलवर काहीतरी वाचत होता.

"तुकादादा, हे मेक्सिकोच्या कुस्तीचं हाय. जिंकणाऱ्याचा पट्टा कुणाकडं किती दिवस होता, पहिल्यापासनं सगळं लिवलंय."

"मुखवटे घालून खेळत्यात तीच ना? लुटुपुटूची असती ती, मिथुन."

"असंना. पण हितं एका ओळीत नावच न्हाई. नुसतं 'रिकामा' लिवलंय."

"का? चोरीला गेला?"

"न्हाई. ज्याच्याकडं होता तो कामाला जपानला गेला. तारखेला लढायला आला न्हाई, म्हणून काढून घेतला."

"हरला न्हाई?"

"कुणाशीच न्हाई."

"आमच्या जत्रेची गदाबी फिरती हाय. दरसाल आखाड्यात नेऊन ठेवायची, जिंकून परत आणायची. तीन वर्सं माझ्याच घरात हाय."

"मग औंदा?"

"सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणला, इन्शाल्ला."

"म्हणजे खलास."

"काल तुझ्या वहिनीचा फोन आलता. जत्रेचे पंच गदा न्यायला आलते."

"दिली?"

"राखेनं घासून, लख्ख करून दिली. आता तालमीच्या भिंतीवर माझ्या नावाखाली दुसऱ्याचं नाव रंगवतील."

"रंगाऱ्याला सांगा, मधी एक ओळ मोकळी सोड म्हणावं."

"कशापायी?"

"तुम्ही हरला न्हाई ना."

"आन् त्या ओळीत काय लिवायचं? दुबई?"