पहिल्या मजल्यावरचा पूर

...नाही, हसा, तुम्हीही हसा! सगळं महाड हसतंय, तुम्हीच का मागे राहता? काल भाजी घ्यायला गेलो, तर भाजीवाली वांगी तोलता तोलता विचारते, "सर, तुमचा समुद्र सुकला म्हनं?" मी वांग्यांकडे बघत राहिलो, पिशवी पसरून उभा राहिलो. तुम्हाला सांगतो, मी फक्त आवाज कमी करायला गेलो होतो हो!

थांबा, समुद्र म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मास्तरांचं डोकं फिरलं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. काकरतळ्याजवळ पहिल्या मजल्यावर राहतो. आमची मुलगी देवश्री, एकुलती एक, तिनं कॉलेजात असताना हॉलमध्ये माशांची टाकी मांडली. तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळ्यांकडे असते! तशी नाही. ही खाऱ्या पाण्याची! तीनशे लिटर! आत जिवंत प्रवाळ, ज्याला ती कोरल म्हणते आणि मी इतकी वर्षं लग्नातल्या अंगठीतलं पोवळं समजत होतो, आणि पेढा नि बर्फी नावाचे दोन नारिंगी मासे. समुद्राचं मीठ पाकिटातून येतं, आणि ते कालवायला पाणी कुठलं? तर फिल्टरचं! आम्ही नळाचं पितो, पेढा-बर्फी फिल्टरचं पितात! पण हसू नका, सावित्री नदीच्या त्या मोठ्या पुरात पाणी आमच्या जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्या सोडून थांबलं होतं, चार दिवस लाईट नव्हती, तेव्हा या पोरीनं टाकीजवळ बसून पाण्यात हवा मिसळावी म्हणून मगानं पाणी उंचावरून ओतून ओतून ती टाकी जगवली होती. नखाएवढं होतं ते हिरवं कोरल, आता पत्रावळीएवढं झालंय. म्हणजे झालं होतं... सांगतो, येतो तिथे.

तर पोरगी गेली हैदराबादला नोकरीला, आणि टाकी राहिली आमच्याकडे. जाताना टाकीसमोर एक कॅमेरा लावून गेली. आईबापाला फोन करायला आठवड्यातून एक दिवस, पण पेढा-बर्फीचं दर्शन दिवसातून चारदा!

आता त्या टाकीखाली एक कपाट आहे, कपाटात दुसरी टाकी, आणि सगळी सफाई तिथे. वरचं पाणी एका नळीनं घळाघळा खाली येतं, खाली एक यंत्र त्यात हवेचा फेस करतं, त्या फेसाला सगळी घाण चिकटून वर वाटीत जमा होते, आणि साफ पाणी पंप पुन्हा वर चढवतो. झकास व्यवस्था! पण आवाज? उतरणारी नळी गुळण्या करते, फेसाचं यंत्र फुसफुसतं, पंप घुमतो आणि वर चढलेलं पाणी धबधब्यासारखं आदळतं. पाहुणे यायचे आणि विचारायचे, "आत कोणी आजारी आहे का?"

मला सवय झाली होती हो! वर्गात साठ पोरं असतात, मला काय त्याचं! पण आमची प्रमोदिनी गाण्याचा क्लास घेते. दर रविवारी सकाळी आठ-दहा बायका येतात, त्याच हॉलमध्ये. तंबोऱ्याची पेटी लावली, डोळे मिटले, सा लावला, की खालून यंत्र आपला सा लावणार, आणि तो अर्ध्या स्वरानं खाली! बायका बिचाऱ्या यंत्राच्या सुरात जायच्या. एका रविवारी प्रमोदिनी क्लास संपल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, तुम्ही विज्ञानाचे शिक्षक ना?"

बस्स. एवढं म्हणून स्वयंपाकघरात गेली. तुम्हीच सांगा, नवऱ्याला एवढं पुरतं की नाही?

देवश्रीला फोन केला. "बाबा, प्लीज, कशालाही हात लावू नका. मी दिवाळीत येते, मग बघू." म्हटलं, "हो हो, हात कशाला लावतोय." आणि फोन ठेवून पाना शोधायला गेलो. मी फक्त आवाज कमी करायला गेलो होतो!

आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कोणी अमेरिकेतला माणूस, कोणी चेन्नईचा, सगळे आपापल्या टाक्यांत कोपरापर्यंत हात घालून बसलेले. मग लागलो कामाला. फेसाच्या यंत्राची हवेची नळी फुसफुसते ना? खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेतली, आत स्पंज कोंबला, नळीला जोडली, फुसफुस बंद! पंपाखाली माझ्या जुन्या स्लिपरचे तळवे कापून घातले, घुमणं बंद! उतरणाऱ्या नळीला एक कॉक बसवला, जरासा आवळला, गुळण्या बंद! राहिला धबधबा. तर पाणी वर सोडणाऱ्या पाइपचं तोंड काटकोनी वाकलेला तुकडा लावून थेट पाण्याखाली नेलं, हातभर खोल, धबधबा बंद! मी दोन पावलं मागे सरलो, कान दिला, तर कुठूनतरी बारीक... चुर्र... चुर्र... बघतो तर काय, त्या पाइपला वरच्या बाजूला काडीएवढं एक भोक! त्यातून चिळकांडी उडत होती. मी म्हटलं, बघा, कंपन्या कसला माल पाठवतात, आणि पोरीच्या इतक्या वर्षांत लक्षातही आलं नाही! घेतलं एमसील, मळलं, आणि भोक बुजवून टाकलं. वर बोटानं गुळगुळीतसुद्धा केलं!

आणि काय शांतता हो! देवळात नसते अशी शांतता! प्रमोदिनी स्वयंपाकघरातून धावत आली, "बंद पडलं का?" म्हटलं, "चालू आहे." तिनं मासे बघितले, मला बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली, "तुम्ही हुशार आहात." चार दिवस मी तरंगत होतो. शाळेतले सहकारी आणून त्यांना ती शांतता ऐकवली. मुख्याध्यापक कपाटाला कान लावून म्हणाले, "वा!"

पाचवा दिवस रविवार.

सकाळचे दहा. हॉलमध्ये क्लास. मी आतल्या खोलीत पेपर तपासतोय. पंखा थांबला. म्हटलं, गेली लाईट, आपल्याकडे लाईट जाण्याचं काय कौतुक? बाहेर बायका भूप गातायत, डोळे मिटून, सूर असा लागलाय की मीसुद्धा लाल पेन खाली ठेवलं. पंधरा मिनिटं झाली असतील, आणि जिन्यातून आरोळी, "सर! वो सर! सावित्री वरनं आली काय वो?"

खालच्या मजल्यावरच्या जानकीबाई! पंचाहत्तरीच्या. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून लग्न होऊन महाडात आल्या, त्याला पन्नास वर्षं झाली. मी धावत हॉलमध्ये आलो, तर पाय सर्रकन घसरला. हॉलभर पाणी! चटया भिजलेल्या, साड्यांचे काठ भिजलेले, पण बायका गातायत! कारण आवाजच नाही ना! मी इतकी शांतता केली होती की समुद्र घरभर पसरला आणि कोणाला ऐकू आला नाही!

आणि दारात जानकीबाई. छातीशी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, नवऱ्याचा फोटो. त्या पुरात बाईंचं सगळं घर गेलं होतं, तेव्हापासून ही पिशवी दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. छतातून चार थेंब गॅसच्या ओट्यावर पडले, तर बाईंनी आधी तांदळाचा डबा खाटेवर चढवला, मग सिलिंडर ओढला, मग पिशवी घेतली आणि जिना चढल्या. आभाळ कोरडं ठणठणीत, ऑक्टोबरचं ऊन, आणि ही म्हातारी पिशवी काही खाली ठेवेना. तेव्हा मात्र मला... जाऊ दे. हसण्यासारखं सगळंच नसतं. प्रमोदिनीनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "बाई, पूर नाही हो. आमच्या ह्यांनी केलंय."

बाईंनी बोट लावून जमिनीवरचं पाणी चाखलं. "खारट हाय गो!" म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं... मी म्हटलं, "बाई, मी फक्त आवाज कमी करायला गेलो होतो!"

आणि टाकी? अर्धी रिकामी! ते पत्रावळीएवढं कोरल हवेत उघडं पडलेलं, चिकट, लोंबकळणारं, पेढा-बर्फी तळाला कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. तेवढ्यात फोन. देवश्री. "बाबा, कॅमेरा बंद का दिसतोय?"

"लाईट गेलीय गं." खोटं होतं का? अजिबात नाही!

मागून जानकीबाई, "पोरीला सांग, तुज्या बापानं वरनं पूर आनला!"

पोरीनं ते ऐकलं. मग अगदी बारीक आवाजात, "बाबा... जिवंत आहेत?" ही माझी मुलगी, जिनं दहावीचा निकालसुद्धा जांभई देत ऐकला होता! मी टाकीच्या काचेला नाक लावून बघितलं. म्हटलं, "आहेत. अजून आहेत." मग तिनं सूत्रं हातात घेतली, "रविवार आहे, बाथरूममध्ये पाणी बदलायला दोन पिंपं कालवून ठेवलीत ना? ती आत ओता, हळू. आणि मगानं पाणी उंचावरून ओतत राहा, लाईट येईपर्यंत. थांबायचं नाही."

पिंपं उचलणार कोण? माझी कंबर तुम्हाला माहीत नाही. तर क्लासमधल्या संजीवनीचा नवरा तिला न्यायला खाली मोटारसायकलवर येऊन थांबला होता, त्याला तिनं खिडकीतून हाक मारली. तो वर आला. चांगला पस्तिशीचा, जाड मिशांचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. मूळ कुडपणचा, बिरवाडीत खोली घेऊन राहतो, एका कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात फिटर आहे. मला बघून वाकून नमस्कार केला, "सर, वळखलंत काय? मी नीलेश. नववी ब."

साठ पोरांचे अठ्ठावीस वर्ग, कसा ओळखणार? पण म्हटलं, "हो तर!"

त्यानं दोन्ही पिंपं उशा उचलल्यासारखी आणली, ओतली, कोरल जेमतेम बुडलं. मग बायका पाळीपाळीनं मगानं पाणी ओतू लागल्या. हात अवघडायला लागले तशी प्रमोदिनीनं टाळी धरली, आणि प्रत्येक समेवर एक मग! तीन तास! भूप संपला, भजनं झाली, शेवटी जानकीबाईंनी वाडीतली गाणी काढली, पिशवी मांडीवर ठेवून.

इकडे नीलेश कपाटात डोकं घालून बसला. फेसाचं यंत्र बघून हसला, "सर, ह्ये तं आमच्या कंपनीतलंच. तिकडं दोन मजली हाय, हितं तांब्याएवढं. फेस तोच, घान तीच." मी आठवडाभर व्हिडिओ बघत होतो हो! याला एक नजर पुरली! मग वर बघितलं, पाइपवरून बोट फिरवलं, थांबला.

"सर, हितलं भोक कोनी बुजवलं?"

बायकांनी माना वळवल्या. मगसुद्धा थांबला. म्हटलं, "ते... गळत होतं."

"गळत नवतं, सर. लाईट गेली की पंप थांबतो, वरचं पानी त्याच पाइपानं उलटं खाली येतं. पाइपाचं तोंड पान्यात खोल, मंग ते थांबतंय कशाला? खालची टाकी भरून घरभर! ते भोक असलं की हवा घुसते, धार तुटते. तुमी शिकवलंवतं की! वक्रनलिका!"

वक्रनलिका! सायफन हो! नववीला! दरवर्षी दोन बादल्या आणि रबरी नळी घेऊन टेबलावर मीच करून दाखवतो! आणि तो पुढे अगदी सहज, काही राग नाही, काही नाही, "मला त्याच प्रश्नात तुमी नापास केलंवतं, सर."

सांगा, जमिनीनं पोटात घ्यावं तर जमिनीवरही समुद्राचं पाणी! मी फक्त आवाज...

एक वाजता लाईट आली. नीलेशनं भोक मोकळं केलं, पाइपाचं तोंड वर घेतलं, माझा कॉक काढून टाकला. स्लिपरचे तळवे काढले, झटकून माझ्या हातात दिले. औषधाची बाटली मात्र हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, "ही झ्याक हाय, सर. ही ऱ्हाऊ दे." तुम्हाला खोटं वाटेल, पण डोळ्यात पाणी आलं माझ्या. आणि मग सुरू झालं सगळं, धबधबा, गुळण्या, चुर्र... बायकांनी टाळ्या वाजवल्या!

पेढा-बर्फी वाचले. कोरलची एक बाजू पांढरी पडली, तळहाताएवढी. गेली ती. देवश्री पुढच्याच शुक्रवारी आली, दिवाळीची वाट न बघता. अर्धा तास टाकीसमोर मांडी घालून बसली, त्या पांढऱ्या भागाकडे बघत. मी मागे उभा, नववी ब सारखा. शेवटी म्हणाली, "बाबा, ओरडत नाही मी. पण कपाटाची किल्ली द्या."

जानकीबाईंचं छत मी रंगवून दिलं. त्यांनी रंग स्वतः निवडला, निळा. म्हणाल्या, "म्हंजी डाग दिसनार नाय, तुमी परत काय केलंत तरी."

आणि कपाटाची किल्ली? आता नीलेशकडे! दर रविवारी संजीवनीला क्लासला सोडतो आणि कपाट उघडतो. देवश्री त्याच्याशी फोनवर तासभर बोलते, "नीलेशदादा, फेस कसा आहे? नीलेशदादा, रंग कसा आहे?" प्रमोदिनी त्याला पोहे देते, वर खोबरं घालून. आणि मी? मला बॅटरी धरायला ठेवलंय! गुडघ्यावर बसतो, कपाटात उजेड पाडतो. परवा असाच बसलो होतो, बाहेर बायका छान गात होत्या, मी जरा तिकडे बघितलं, उजेड हलला, तर आतून नीलेशचा आवाज, अगदी नम्र, अगदी आदरानं, "सर... लक्ष कुठं हाय तुमचं?"

म्हटलं, "सॉरी." आणि बॅटरी सरळ धरली.