भाजलेली माती

साखळीच्या बसस्टँडवर मैत्रिणीशी बोलताना सुविधाने आपल्या जावेचे, पद्मावतीचे, नाव इतके जपून उच्चारले, की ऐकणाऱ्याला ते एखाद्या असाध्य आजाराचेच वाटावे.

"पद्मावतीची वांगी बघितलीस, ऋतिका? डोळ्यांत खुपतात गे. माझी रोपं मात्र उभ्या उभ्या कोमेजतात."

"तिच्या वाफ्यातली माती आणून घाल म्हणून सांगितलं होतं ना मी? त्या मातीत बारीक जीव आहेत. रोपं कोमेजवणाऱ्या मर रोगाला ते मुळापर्यंत पोचूच देत नाहीत."

"घातली ना. मागितल्याबरोबर तिने पाटी भरून दिली."

"आणि तरी मरतात?"

"एवढ्या आनंदाने कोण देतं गे बाय? करणी केली असणार मातीवर. म्हणून आधी घमेल्यात घालून चुलीवर लालभडक भाजली."

"भाजलीस? अगो, मग ते जीव राहिले कुठे? आजच्या आज परत माग, नाहीतर उरलेली रोपंही जातील."



"मागायची लाज नाही गे मला. पण ती पुन्हा तशीच हसत देईल, ते कसं सोसू?"