वळणावरचे दोन क्रूस

या सभागृहातली बावीस बाकं, चर्चमधला वेदीचा कठडा, फादर बसलेत ती खुर्ची आणि आपल्या डोंगररस्त्यावर अपघातात गेलेल्यांसाठी उभे केलेले एकतीस क्रूस, एवढं मी माझ्या हातांनी केलं. सुतारकी मला कोणी शिकवली नाही. भाषण करणंही नाही. म्हणून सन्माननीय अध्यक्ष आर्काडिओ, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते फादर एउसेबिओ आणि ला होयिता गावातल्या माझ्या माणसांनो, आधीच विनंती करतो, सांभाळून घ्या.

फादर इथे एकोणीस वर्षं होते. त्यांचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगितले. एक गोष्ट राहिली. फादरांना सुतारकाम अजिबात येत नाही. हसा, तेही हसताहेत.

सहा वर्षांपूर्वी माझा मुलगा नासारिओ खालच्या वळणावर अपघातात गेला. समोरून गाडी घेऊन आलेला एर्मिनिओ प्यायलेला होता. तोही गेला. नासारिओचा क्रूस मी देवदाराचा केला, सांध्यात केस शिरणार नाही असा. आठवड्याने एर्मिनिओची आई, रामोनाताई, दारात उभ्या.

"भाऊ, माझ्याही पोराला एक करा."

"ताई, लाकूड संपलंय."

माझ्या पाठीमागे रचलेली थप्पी त्यांना दिसत होती. त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी फादर आले, दोन फळ्या उचलल्या आणि माझ्याच अंगणात करवत चालवू लागले.

"हे काय चाललंय?"

"रामोनाबाईंचा क्रूस."

"ही खाच आहे की उंदराचं बीळ? कोन बघायला गुण्या तरी लावा."

"मग तू लाव की."

"त्याच्यासाठी? माझ्या पोराच्या शेजारी?"

फादरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "डेल्फिनो, त्या टेकडीवर ख्रिस्ताच्या शेजारी कोण होतं रे? सज्जन होते का? तो अपराध्यांच्या मध्ये मेला, त्यांच्यातलाच एक होऊन. क्रूसाचा अर्थ मला तरी एवढाच कळलाय."

मला काय कळलं? त्या दिवशी काहीच नाही. त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तेवढं दिसलं. मी त्यांच्या हातातून पटाशी काढून घेतली. राग गेला नव्हता. आजही पुरता गेलाय, असं इथे उभं राहून खोटं सांगणार नाही. पण तो क्रूस मी पुरा केला आणि नासारिओच्या शेजारी रोवला. फादरांनी कापलेली खाच तेवढी तशीच ठेवली. दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट आहे. माझ्या कामात दुसरीकडे कुठे सापडली तर दाखवा.

रामोनाताई आणि मी आता दर रविवारी फुलं घेऊन एकाच वेळी जातो, मध्ये फादर. बोलत फारसं नाही. फादर, येत्या रविवारी आमच्या मध्ये तुम्ही नसाल.

आयोजकांचे आणि आत मक्याच्या पिठाचे तमाले वाफवत असलेल्या बहिणींचे आभार. बोलण्याला गुण्या लावता येत नाही. वाकडं गेलं असेल तिथे माफ करा. एवढंच सांगून बसतो. गेल्या महिन्यात सांता फेहून एक दुकानदार माझ्याकडे आला होता. नासारिओचा देवदाराचा क्रूस त्याला हवा होता, शेजारचा फटीचा नको होता. चार हजार डॉलर देत होता. मी म्हटलं, तो एकटा देता येत नाही.