ताकदीचं काही घेता का?

माझं नाव मालन. गाव जुन्नरकडचं, पण ते सुट्टीपुरतं, जन्म माझा ठाण्याच्या कोपरीचा, आम्ही दोघी बहिणी, मोठी अक्का आणि मी, नि लग्न करून मी कल्याणजवळ मोहन्याला आलेले, आमचे हे तिथं रेयॉनच्या कारखान्यात होते ना, म्हणून. अक्का लग्न करूनसुद्धा कोपरीतच राहिली, मी तिला म्हणायचे तुझं बरं आहे बाई, तुला सासरी जायला नुसता रस्ता ओलांडायला लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं अक्का येणार आहे, तिच्याशिवाय माझी कुठलीच गोष्ट पुरी होत नाय.

मुलं शाळेत जायला लागली तशी मी डोंबिवलीला एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत लागले, पॅकिंगला. बावीस वर्षं. काम काय, तर पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत येणार आणि आपण बघत राहायचं, कुठला खण रिकामा आहे, कुठं गोळी फुटकी आहे, ती बाजूला काढायची. दिसायला सोपं वाटतं, पण दुपारी जेवून आल्यावर करून बघा, डोळे कसे मिटायला लागतात. सुपरवायझर म्हणायचा, मालनताईंच्या समोरून रिकामं जात नाय. आणि सगळ्यात जास्त काय यायचं तर बी कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल. त्याचा वास, काय सांगू तुम्हाला, भिजवलेली डाळ दुसऱ्या दिवसापर्यंत विसरली की येतो ना तसला, केसात बसायचा, डब्यातल्या चपातीला यायचा. आणि फुटक्या कॅप्सूलची पूड लागली की बोटं पिवळीधमक, आम्ही बाया एकमेकींना म्हणायचो, काय गं, आज परत हळद लागली का. माझी तर रोज हळद होती.

आता आमच्याकडं कसं, कुणाला थकवा आला, पाय दुखले, तोंड आलं, की मेडिकलमधून ताकदीची गोळी आणायची. त्याला डॉक्टर लागत नाय, चिठ्ठी लागत नाय. नाव कुणी घेत नाय तिचं, लाल-काळी ताकदीची द्या म्हटलं की तो देतो. ती औषध नसतेच, औषध आजाराला असतं, ही ताकदीला. हे लक्षात ठेवा, यावरूनच पुढचं सगळं झालं.

कंपनी सुटली, मग साखर निघाली, मला आणि अक्काला दोघींनाही, ते आईकडून आलेलं. पण अक्काने पथ्य कधी पाळलं नाय, आंब्याच्या दिवसात तर तिला कुणी काही बोलायचंच नाय, आणि तिची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात मशिनवर जायला लागलं. चार-चार तास. मी मोहन्याहून यायचे तिच्या सोबतीला, तिच्या उशाशी बसून शेंगा सोलल्यासारख्या गप्पा, आणि तिच्या हातातून ते लाल रक्त नळीतून जाताना बघितलं की मी मान फिरवून भिंतीकडं बघायचे. ती मात्र तिथं पडल्या पडल्या सगळ्यांना हुकूम सोडायची, पंखा कमी करा, त्या आजोबांना चादर द्या. तर तिथल्या डॉक्टरबाईंनी एकदा माझंही रक्त तपासलं, म्हणाल्या मावशी तुमचीही किडनी दमलीय हो, अजून वेळ आहे, मीठ, साखर, बीपी सांभाळा. मी हो हो म्हटलं, पण मला खरं सांगू का, मी घाबरले. मला ते मशिन नको होतं. अक्काची छाती माझ्याकडं नाय.

मग त्याच डॉक्टरबाई म्हणाल्या, एक अभ्यास चाललाय. बीची जी जीवनसत्त्वं असतात त्यांच्या गोळ्या दमलेल्या किडनीला उपयोगी पडतात का उलट त्रास देतात, ते बघायचंय. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी, कुणाला कुठली ते ना आम्हाला माहीत ना तुम्हाला, शेवटी सगळं उघडणार. प्रिया म्हणून एक पोरगी होती फॉर्म भरायला, तिने सगळा कागद वाचून दाखवला, नको असेल तर नाही म्हणा म्हणाली, मी सही केली. दर महिन्याला रक्त, लघवी, आणि ती विचारणार, मावशी आमच्या गोळीशिवाय दुसरं काही औषध घेता का. मी सांगायचे, साखरेची, बीपीची, बाकी काही नाय.

घरी येऊन मी काय केलं असेल? डबी उघडली आणि वास घेतला. बावीस वर्षांची सवय, जाते कुठं! वास नाय. गोळी मोडून बघितली, आत पांढरी, पिवळेपणाचं नाव नाय. म्हटलं झालं, माझ्या नशिबाला रिकामी आली. आणि मग मला इतका राग आला ना, की जन्मभर दुसऱ्यांच्या ताकदीच्या गोळ्या भरल्या आणि माझ्या किडनीची वेळ आली तर मला रिकामी? दुसऱ्या दिवशी मोहन्याच्या नाक्यावरच्या मेडिकलमधून लाल-काळी आणली आणि सकाळ-संध्याकाळ सुरू केली. आणि प्रियाने विचारलं की माझं तेच, बाकी काही नाय. मी खोटं बोलत नव्हते हो, तेव्हा तरी नाय. तिने औषध विचारलेलं.

तिसऱ्या का चौथ्या महिन्याला प्रियाने माझी लघवीची बाटली उचलली, उजेडात धरली, आणि म्हणाली मावशी, हा काय रंग! आता तो रंग मी नाय ओळखणार तर कोण ओळखणार, तीच ती हळद. माझ्या तोंडून गेलं, अगं काल हळदीचं दूध प्यायले. ती हसली, लिहायला लागली. आणि माझे कान तापले, कारण हे मात्र खोटं होतं, चक्क खोटं.

तशीच अक्काकडं गेले, ती मशिनवर. तिला सगळं सांगितलं. वाटलं ती म्हणेल जाऊ दे. ती म्हणते कशी, मालन, त्या पोरीचा सगळा हिशोब तुझ्यामुळं चुकणार, तुला काय वाटलं ती तिथं तुझ्यासाठी एकटीसाठी लिहीत बसलीय? आणि किडनी बिघडली तर या शेजारच्या पलंगावर येशील, मला तुझी बडबड आहे तेवढी पुरे आहे. म्हटलं अक्का, नाव काढून टाकतील गं माझं. मग म्हणे काढू दे. डोळे मिटून घेतले तिने, पण माझा हात काय सोडला नाय.

गेले डॉक्टरबाईंकडं, कॅप्सूलची स्ट्रिप टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, वास, राग, हळदीचं दूध, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या मावशी, बी म्हणजे एकच नसतं, ते एक अख्खं कुटुंब आहे, वास आणि पिवळा रंग ज्यांचा ते आमच्या गोळीत नाहीतच. दुसरे दोन-तीन आहेत, त्यांना तसला वास नाही, तुमच्या नाकाला काही कळायचं नाही. तुमची खरी असेल, रिकामी असेल, मलाही माहीत नाही. आणि खरी असेल तर वरून हे, म्हणजे दुप्पट झालं. धडधाकट किडनी जास्तीचं बाहेर टाकते, दमलेलीला ते जमेलच असं नाही.

बावीस वर्षांचं नाक आणि ते असं फसलं. रडायला आलं, रडलेच मी. म्हटलं काढा माझं नाव. त्या म्हणाल्या, नाव काढायचं नसतं, जे झालं ते झालं तसं लिहायचं असतं. कॅप्सूल बंद करवली, परत रक्त घेतलं, तो रिपोर्ट येईपर्यंत मला घास गेला नाय. किडनीचं दुखणं वाढलं नव्हतं. होतं तिथंच होतं.

पण मग त्यांनी विचारलं, मावशी, पण तुम्ही आधी का नाही सांगितलं? म्हटलं बाई, तुम्ही औषध विचारलंत, ताकदीचं कुठं विचारलंत. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, या माझ्याबरोबर. बाहेर बाकड्यावर सात-आठ जण बसलेले, आमच्यातलेच, अभ्यासातले. मी मोठ्याने विचारलं, अहो, ताकदीचं काय काय घेता? तर पिशव्या उघडायला लागल्या की हो! एकाकडं लाल-काळी, एका बाईकडं टॉनिकची बाटली, एका आजोबांकडं सुनेने पाठवलेली पावडर. प्रियाने कपाळाला हात लावला, आणि मग बसून सगळ्यांचं नव्याने लिहिलं.

आता माझ्या गोळ्या संपल्या, अभ्यास अजून चालू आहे, सगळ्यांचा झाला की उघडून सांगणार, माझी खरी होती का रिकामी. पूर्वी जीव वर-खाली व्हायचा, आता नाय. किडनी दमलेली आहे पण चालतेय, मी मीठ तोडलंय, अक्का मशिनवर हुकूम सोडतेय, मी उशाशी बसतेय, माझं चांगलं चाललंय. आणि त्या फॉर्मवर आता, मी स्वतः बघितलं, औषधाच्या खाली नवीन ओळ छापलीय, ताकदीचं काही घेता का? माझा शब्द आहे तो. मी सातवी शिकलेली बाई, आणि माझा शब्द डॉक्टरांच्या कागदावर.

देव तुम्हाला सुखी ठेवो, तुमच्या दोन्ही किडन्या शाबूत ठेवो. चहा घ्या, साखर तुमच्यात घातलीय, माझ्यात नाय. आणि हो, एवढा वेळ माझं लिहून घेताय, तुम्ही घेता का ताकदीचं काही? हसू नका, खरं सांगा. घेता ना? मग लिहा तेसुद्धा.