रुमालाखालची चार बोटं

सुधाकरनं मला फसवलं. हे आधी लिवून घ्या, बाकीचं मागून सांगतो. ज्या बँडात मी वीस वर्षं गळा फाडला, त्या बँडाच्या नव्या अल्बमवर माझं नाव न्हाई, आन् फसवणारा कुणी परका न्हाई, शाळेत माझ्या बाकावर बसणारा सुधाकर.

आमी शिरड शहापूरचे. बाप दुसऱ्याची ढोरं वळायचा, मी सातवीतून सुटलो ते थेट जवळा बाजारला बैलांच्या दलालाजवळ जाऊन उभा राहिलो, त्यानं चहा आणायला ठेवलं आन् मी सौदा शिकलो. बैलाचे दात बघायचे, मालकाचे डोळे बघायचे, मग दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आन् खालून बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूच्याला कळू द्यायचं न्हाई. आन् रुमालाखाली दिलेला हात कुणी माघारी घेत न्हाई, लिहिलेलं नसलं तरी. माझा आवाज तिथंच तयार झाला, त्या धुरळ्यात ओरडून ओरडून.

सुधाकर नांदेडला कॉलेजात गेला आन् गिटार घेऊन आला, संगं एक सीडी. ऐक म्हणे. ऐकलं तर माणूस गाऊन न्हाई, गुरगुरून राहिला, मरणाचं, सडण्याचं, इंग्रजीत. मी म्हणलं हे काय हाय रे, बिथरलेला गोऱ्हा? म्हणे याला डेथ मेटल म्हणतात, आन् हे तुझ्या गळ्यात जलमापासून हाय. वेल्डिंगवाला अनवर ड्रमवर बसला, बँडाला नाव ठेवलं मढं. काय सांगू तुम्हाला, कळमनुरीला पहिला कार्यक्रम झाला तर एक म्हातारी स्टेजवर चढली, माझ्यावरून लिंबू उतरवला आन् म्हणे, गा बाबा आता, सुटलं ते.

आता खोटं बोलत न्हाई. दोन वर्षांपासून तिसऱ्या गाण्याला माझा गळा बसतो. नांदेडच्या कार्यक्रमात बसला, सुधाकरनं माझ्याकडं नुसतं पाहिलं, आन् मी माईक आपटला. चूक माझी, व्हय. पण त्यानं तेव्हाच तोंडावर सांगायला पाहिजे होतं. एके दिवशी अनवरच्या दुकानात म्हणे, दत्ता, आठ गाण्यांचा अल्बम करून राहिलो, पुण्याचं एक पोरगं गाणार हाय. मी कॉलर धरली. अनवर मधी पडला, अरे भाई, मशीन चालू हाय, हात भाजतील दोघांचे. मग मी म्हणलं सौदा कर. सुधाकर म्हणे हे काय बैल हाय का? मी म्हणलं मला एवढंच येतं. खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातावर टाकला. त्यानं दोन बोटं दाबली. मी सगळी मूठ आवळली. तो तीनवर आला, मी हात सोडला न्हाई, शेवटाला त्यानं माझी चार बोटं धरून बराबर दाबली. चार गाणी माझी, चार त्या पोराची. चहा पिऊन उठलो.

आन् रेकॉर्डिंग कवा ठेवलं? बाजाराच्या दिवशी! वीस वर्षांत त्या दिवशी मी कुठं असतो हे त्याला ठाऊक न्हाई? फोन केला तर म्हणे, स्टुडिओ तेवढ्या दिवसालाच मिळाला, तू येत न्हाईस म्हणून आठही उरकली. उरकली म्हणे! मी सौद्यातली बैलजोडी सोडून निघालो असतो, एकदा विचारायचं तरी. विचारलं काहून न्हाई?

अल्बम आला. बायको म्हणाली ऐकू नका, जेवण जाणार न्हाई. ऐकला. पोरगं चांगलं गाते, त्याच्यावर माझा राग न्हाई. पण तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला एक दम घेतलेला हाय, पोटातून ओढलेला, आन् त्याच्यामागून पहिली गुरगुर. पुन्हा लावला. बायको चुलीपासून उठून आली, म्हणे हे तर तुमीच. व्हय, मीच. अनवरच्या दुकानात तालमीला सुधाकरनं रेकॉर्ड केलं होतं ते. म्हंजे गळा बसला म्हणून माणूस काढला, आन् जो दम त्या पोराला ओढता येईना तो तेवढा ठेवून घेतला. कव्हरवर चहा पाजणाऱ्याचं बी नाव हाय, माझं न्हाई.

अनवरकडं गेलो. म्हणलं तू तिथं होतास, सांग. तो मान खाली घालून म्हणे, दत्ताभाई, मी रुमाल पाहिला, बोटं न्हाई पाहिली. त्याचं बी खरं हाय. लोकांना दिसू नये म्हणूनच तर मी जलमभर रुमाल टाकत आलो, आन् आज मला एक साक्षीदार न्हाई.

म्हणून तुमच्याजवळ बसून हे सांगून राहिलो, जसंच्या तसं छापा. येत्या बाजारी मी जवळ्याला लिंबाखाली उभा हाय, रुमाल घरी ठेवून. सुधाकरनं यावं, चार लोकांत उघडा हात पुढं करावा आन् सांगावं, मी किती बोटं दाबली होती, आन् तिसऱ्या गाण्यातला तो दम कुणाचा हाय.