सोंडेत हात

लेम्पी : परत तुंबलं! तिसऱ्यांदा! आर्वो, हे तुझं बर्फ उडवायचं मशीन आहे की दम्याची म्हातारी?

आर्वो : मशीनला नावं ठेवू नकोस. आधी चालवणारीकडं बघ.

लेम्पी : चालवणारी सहा आठवड्यांपूर्वी छाती फाडून घेऊन आलेली नाही. तू आलायस. म्हणून तू पडवीत खुर्चीवर, आणि मी इथं गुडघाभर लगद्यात.

आर्वो : लगदा नाही तो. बर्फ आहे.

लेम्पी : याला बर्फ म्हणतात? जानेवारीतला पिठीसाखरेसारखा उडायचा. हा भिजवलेला मैदा आहे नुसता. सोंडेतून उडत नाही, ओकतंय ते.

आर्वो : मार्चचा बर्फ असाच. जानेवारीत गाढवही वाट मोकळी करतं. बाईमाणसाची, बाप्याची, सगळ्यांची परीक्षा मार्चमध्ये.

लेम्पी : मग मी नापास. करू बंद?

आर्वो : कर की. मी काढतो.

लेम्पी : हेच! याच्यासाठीच मी बाहेर पडलेय. डॉक्टर काय म्हणाला? फावडं उचललंस तर पुढची गाडी दफनवाल्याची. आणि मला ठाऊक आहे, आज मला हे जमलं नाही तर उद्या मी पाठ फिरवली की तू इथं उभा. एकदा विधवा झालेय मी आर्वो, पुरे झालं. घोंगडी घसरली, वर घे.

आर्वो : त्या डॉक्टरच्या दारातला बर्फ दुसराच कुणीतरी उपसतो. त्याचं काय जातंय बोलायला! बरं, मशीन रात्रभर कुठं होतं?

लेम्पी : गॅरेजात. हीटर लावून. बिचारं गारठू नये म्हणून.

आर्वो : तिथंच माती खाल्लीस! गरम लोखंडाला लागला की बर्फ वितळतो, वितळला की चिकटतो, चिकटला की आत थिजतो. आधी तासभर बाहेर गारठू द्यायचं त्याला. मशीन आहे ते, जावई नाही.

लेम्पी : हे आधी कोण सांगणार?

आर्वो : तू विचारलंस का?

लेम्पी : तू हात तरी लावू दिलास का? लग्नाला तीन वर्षं झाली. पहिल्या बायकोची, एल्माची भांडी वापरू दिलीस, एल्माचा पलंग दिलास. मशीन मात्र तुझं. मेल्यावर पेटीत शेजारी ठेवायचं असेल.

आर्वो : बसेल का ग पेटीत?

लेम्पी : सोंड दुमडावी लागेल. बोल, पुढं काय करू?

आर्वो : घरातून तव्यावर फवारायचा तेलाचा डबा आण. सोंडेत सगळीकडून मार.

लेम्पी : माझं तेल? धिरडी घालणार आहे का हे?

आर्वो : घसरण हवी आत. मग रेस पूर्ण, आणि पावलं मुंगीची. सगळी रुंदी घेऊ नकोस, अर्धाच पट्टा घे. लहान तोंडी मोठा घास घालतेस, म्हणून गुदमरतंय. आणि मध्येच थांबायचं नाही. थांबलीस की बसलं आत.

लेम्पी : आणि रस्त्याकडेचा तो डोंगर? तो मेला नांगरगाडीवाला रस्त्यावरचा बर्फ ढकलत रोज माझ्याच दारात ओतून जातो.

आर्वो : त्याला मनसोक्त शिव्या दे. त्यानं मशीन चालत नाही, पण अंगात ऊब येते.

लेम्पी : तेल मारते, पण आधीचा गोळा बसलाय ना आत. थांब, इंजिन बंद केलं. हातानंच काढते.

आर्वो : हात नको!

लेम्पी : बंद आहे रे.

आर्वो : लेम्पी! हात बाहेर काढ! आत्ता!

लेम्पी : ओरडू नकोस, टाके उसवतील. समोरचा वायनो बघ, सकाळपासून दोनदा हात घालून काढलं त्यानं. त्याला चालतं आणि मला—

आर्वो : माझी बोटं बघ.

लेम्पी : बघितलीत. लाकडाच्या गिरणीत गेली. दर शुक्रवारी चर्चच्या हॉलात मासे खाताना ऐकते. हेन्री करवतीवर पडत होता, तू त्याला ढकललंस, तो वाचला, तुझी दोन बोटं गेली.

आर्वो : हेन्री नव्हताच कुणी.

लेम्पी : म्हणजे?

आर्वो : इथंच गेली. तू उभी आहेस तिथं. असाच ओला बर्फ, इंजिन बंद. बंद केलं तरी आतल्या पात्यांत ताण राहतो. गोळा सुटला की पातं फिरतं. एकदाच. तेवढं पुरतं. एल्मानं दवाखान्यात नेलं. तिला ठाऊक होतं. ती गेली.

(लेम्पी हात काढून घेते. हातमोज्यातली बोटं उघडते, मिटते.)

लेम्पी : आणि मी नाताळात त्या हेन्रीला शुभेच्छापत्र पाठवायला निघाले होते!

आर्वो : पत्ता नाही म्हणालो ना मी.

लेम्पी : किती निर्लज्ज आहेस रे.

आर्वो : एकतीस वर्षं पिळलं त्या गिरणीनं मला. पाठ घेतली, गुडघे घेतले, एक कान घेतला. निरोपाला काय दिलं? टोपी! दोन बोटं त्यांच्या नावावर टाकली तर काय पाप केलं मी?

लेम्पी : काही नाही. दहा टाकायची होतीस. पण वायनोलाही तू तेच सांगितलंस.

आर्वो : मग?

लेम्पी : मग बघ तिकडं. पुन्हा अडलंय त्याचं. त्याला वाटतं बोटं गिरणीत जातात, आणि आपण काही गिरणीत जात नाही.

आर्वो : पायरीपाशी काठी आहे बघ. गोळा तिनं काढ आधी.

लेम्पी : काढते. तू त्याचं बोल.

आर्वो : तूच सांग ना त्याला.

लेम्पी : मी काय सांगू? माझी दहाच्या दहा आहेत.

आर्वो : अख्खं गाव हसेल ग.

लेम्पी : हसेल. मीही हसेन, मागच्या बाकावर बसून. हात घालतोय बघ तो.

आर्वो : वायनो! ए वायनो! हात काढ! इकडं ये आधी!

वायनो : काय रे? छातीत दुखतंय? गाडी बोलावू?

आर्वो : छाती ठणठणीत आहे. बस पायरीवर. बोटांचं सांगायचंय.

वायनो : तोंडपाठ आहे मला ते. हेन्री, करवत, रक्त. माझी वाट अर्धी राहिलीय आर्वो.

लेम्पी : बस वायनो. या वेळी हेन्री नाही त्यात.

वायनो : मग कोण आहे?

आर्वो : मी. आणि हे मशीन. इंजिन बंद होतं, वायनो. तुझं आत्ता होतं तसंच.

वायनो : थट्टा करतोस.

आर्वो : नाही.

लेम्पी : हसायचं तर हसून घे रे. आज सोसेल त्याला.

वायनो : ...जास्तीची काठी आहे का तुमच्याकडं?