आठव्या फेरीची जागा

(चाचणी विमानतळामागची वसाहत. भावाचं घर. दुपारचे चार.)

बहीण : सकाळी सगळ्यांसमोर सांगितलंस ते ऐकलं. आता मला सांग. विमान आधी कललं, की तू आधी हात घातलास?

भाऊ : ताई, आधी बस तरी. दारातच काय उलटतपासणी?

बहीण : उभीच बरी आहे.

भाऊ : अगं, लिहून दिलंय मी. माझं लक्ष हटलं, ऑटोपायलट काढला, दांडी नको तितकी ओढली. विमान कललं, मी सरळ केलं, उतरवलं. प्रमुखांनी बिनपाण्याने केली ती तू ऐकलीसच.

बहीण : मीही केली. म्हटलं, एकवीस वर्षं विमान उडवतोय हा, आणि वागला नवशिक्यासारखा.

भाऊ : ते जरा लागलं. पण मोठ्या बहिणीचं काय मनावर घ्यायचं.

बहीण : मग जागेवर गेले आणि कालच्या फेरीचा आलेख उघडला. विमान कलायला लागल्यावर अर्ध्या सेकंदाने तुझा हात दांडीवर आलाय. आधी नाही. तू कबूल करून मोकळा झालास, म्हणून कुणी बघायच्या फंदातच पडलं नाही.

भाऊ : अर्धा सेकंद म्हणजे काय गं. त्या यंत्रांची घड्याळं मागेपुढे असतात.

बहीण : ती घड्याळं मी लावलीत, टिल्लू.

भाऊ : पाणी आणू तुला?

बहीण : खांद्याला काय झालंय?

भाऊ : काही नाही.

बहीण : काल शर्ट काढायला बायकोची मदत घ्यावी लागली तुला. तिने फोन केला होता, घाबरून. जो स्वतः दांडी ओढतो तो आधीच सावरून बसलेला असतो. त्याला पट्टा असा काचत नाही.

भाऊ : तिलाही राहवत नाही.

बहीण : टिल्लू.

भाऊ : विमान आधी. झालं समाधान?

बहीण : किती कललं?

भाऊ : पंख पार खाली गेला. माझ्या खिडकीतून नुसती जमीन. मागे मोजणीला बसलेल्या मुलीची वही छताला जाऊन लागली. ऑटोपायलट आपणहून सुटला, मग मी धरलं.

बहीण : ती मुलगी काही बोलली नाही?

भाऊ : तिला वाटलं, माझ्याच हातून झालं. उतरायच्या आधीच तसं सांगून टाकलं होतं मी.

बहीण : का पण?

भाऊ : का म्हणजे? सात फेऱ्या सुरळीत झाल्या. आठवीला तू पुढच्या विमानामागची आपली जागा चार मीटर आत घेतलीस आणि तिथेच हे झालं. खरं बोललो असतो तर तुझा आकडा चुकलाय असं निघालं असतं. मग गुंडाळलंच असतं सगळं. नऊ वर्षं घातलीस तू यात. आई दवाखान्यात होती तेव्हासुद्धा तुझ्या मांडीवर हेच कागद. माझं काय, दोन महिने जमिनीवर बसवतील, मग पुन्हा उडेन.

बहीण : आणि उद्याची फेरी?

भाऊ : उद्या कॅप्टनबाई आहेत. हात हलका आहे त्यांचा.

बहीण : कुठे उडवणार आहेत त्या?

भाऊ : तू ठरवलेल्या जागी.

बहीण : पुढच्या विमानाच्या पंखाच्या टोकावरून हवेचा भोवरा सुटतो. त्याच्या वर उचलणाऱ्या बाजूला बसलं तर मागच्या विमानाचं इंधन वाचतं. तीच बाजू सुटली की भोवरा विमान आडवं करतो. तुझं केलं तसं. उद्या तीच जागा, आणि आत प्रात्यक्षिक बघायला पाच पाहुणे. आकडा बरोबर आहे असं तू सही करून दिलंयस, म्हणून त्या बिनधास्त जाणार.

भाऊ : मी बाजूला घेऊन सांगितलंय त्यांना, जरा जपून म्हणून.

बहीण : जरा जपून म्हणजे किती मीटर?

भाऊ : ताई, असं कसं सांगता येईल?

बहीण : मग त्यांना तरी कसं कळेल?

भाऊ : मला वाटलं, काल वाऱ्याचा एखादा झोत आला असेल. पुन्हा होणार नाही.

बहीण : वाटलं नाही तुला. स्वतःला पटवलंस. मीही तेच केलं. आता मी सांगते ते ऐक. माझ्या मूळ कागदावर ती जागा चार मीटर बाहेर होती. पहिल्या सात फेऱ्या तिथेच झाल्या. शंभर लिटरमागे चार लिटर वाचत होते आणि आम्ही सहा कबूल करून बसलो होतो. प्रमुखांनी विचारलं, उरलेले दोन कुठून आणणार? आठवडाभर डोकं खाजवलं आणि जागा आत सरकवली. आडव्या वाऱ्याने भोवरा सरकतो हे मला माहीत होतं. किती सरकेल हे नीट मोजायला तीन महिने लागले असते. मी मोजलं नाही.

भाऊ : म्हणजे तुला शंका होती.

बहीण : होती.

भाऊ : आणि तरी पाठवलंस.

बहीण : तुझा हात चांगला आहे, अशी समजूत घातली मनाची.

भाऊ : मला सांगायचं होतंस. मी गेलोच असतो गं. पण माहीत असून गेलो असतो. मागे ती पोरगी बसली होती, तिला तरी विचारलं असतं.

बहीण : हो. सांगायला हवं होतं.

भाऊ : सकाळी सगळ्यांसमोर नवशिक्या म्हणालीस.

बहीण : म्हणाले.

भाऊ : कुणाला लावतेयस फोन?

बहीण : प्रमुखांना.

भाऊ : बंद करतील सगळं.

बहीण : करतील बहुतेक.

भाऊ : आणि मी खोटं लिहून दिलंय. माझं लायसन्सही जाऊ शकतं.

बहीण : जाऊ शकतं. नको म्हणतोस?

भाऊ : लाव.

बहीण : सर, मी बोलतेय. उद्याची फेरी रद्द करायची आहे. नाही, हवामान ठीक आहे. जागा चुकली आहे, माझी. काल पायलटचा हात नंतर पडला, आलेखात दिसतंय. हो, त्याच्यासमोरच बोलतेय. नाही सर, उद्यावर टाकण्यासारखं नाही. हो. हो. पाठवते.

भाऊ : काय म्हणाले?

बहीण : फेरी रद्द. मग म्हणाले, कॅप्टनबाईंना कोण सांगणार? मी म्हटलं, मी. सहाच्या आत तुझं म्हणणं नव्याने लिहून हवंय त्यांना.

भाऊ : आणि तुझं?

बहीण : माझंही. तू सांग, मी उतरवून घेते. पहिल्यापासून, वेळेसकट.

भाऊ : मी अजून चिडलेलो आहे तुझ्यावर.

बहीण : चिडूनच सांग.

भाऊ : लिही. दहा चाळीसला आम्ही पुढच्या विमानामागे लागलो. हवा शांत वाटत होती.